‘जखमेत बुरशी आलीय, लावलेली कातडी पुन्हा काढायची म्हणतात’

आदरणीय सिस्टर,

मी जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. माझे धाकटे दीर, वय ३१, शेतात पेट्रोलच्या फवारणी पंपात पेट्रोल भरत होते. पंप गरम होता, एकदम भडका झाला. अंगावरचा शर्ट पेटला तसे ते जमिनीवर लोळले. आदल्या दिवशी पाऊस झालेला, सगळा चिखल. सासऱ्यांनी शेततळ्यातलं पाणी बादलीनं त्यांच्या अंगावर ओतलं. मी घरातून धावत जाऊन हळद आणि तूप लावलं. मग छत्रपती संभाजीनगरला एका खाजगी दवाखान्यात नेलं. ४२ टक्के भाजलंय म्हणाले. दोन ऑपरेशनं झाली, मांडीची कातडी काढून छातीला आणि डाव्या हाताला लावली. सगळं बरं चाललं होतं. सोळाव्या दिवशी डाव्या दंडावर काळपट डाग दिसले, ताप उतरेना. दंडातला छोटा तुकडा काढून तपासला. आता डॉक्टर म्हणतात जखमेत बुरशी शिरलीय, लावलेली कातडी काढावी लागेल, खालचा थोडा स्नायूही काढावा लागेल, आणि जे इंजेक्शन द्यायचं त्यानं किडनीला त्रास होऊ शकतो.

माझे मिस्टर चिडलेत. दवाखाना घाण म्हणून बुरशी आली, इथं सही करायची नाही, मुंबईला हलवू म्हणतात. सासूबाई म्हणतात, आधी लावलेली कातडी नीट बसली नाही, आता पुन्हा कापाकापी नको. सासरे कुणाशी बोलत नाहीत, जेवत नाहीत. मला रात्रभर एकच वाटतं, मी हळद लावली त्यातूनच हे आलं का? जाऊबाईंच्या पदरात सहा महिन्यांचं बाळ आहे, तिनं पेशंटजवळ जावं का, ही बुरशी बाळाला होईल का? आम्ही काय करावं?

— एक वाचक भगिनी

ताई,

तुमचा मेल वाचला त्याच रात्री मी चार ओळींचं उत्तर पाठवलं होतं, कारण अशा वेळी सदराचा दिवस उजाडायची वाट बघायची नसते. त्या चार ओळी इथेही आधी लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरात आज हीच वेळ आली असेल तर त्यांनाही शोधावं लागणार नाही. संमतीपत्रावर सही करा. आज करा. बायोप्सीत, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत, बुरशी जिवंत मांसात शिरलेली दिसली असेल तर ऑपरेशन ही उपचाराची पहिली पायरी आहे, इंजेक्शन तिच्या जोडीला आहे. दवाखाना बदलायचा का, हा प्रश्न ऑपरेशनच्या नंतरचा; त्यात एकच अपवाद आहे, तो पुढे सांगते.

आता सविस्तर. मी डॉक्टर नाही. भाजलेल्यांच्या वॉर्डात सव्वीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलं, त्यातली शेवटची अकरा वॉर्डाची इन्चार्ज म्हणून. औषध कोणतं, किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. पण डॉक्टर राउंडला पाच मिनिटं बोलून जातात आणि नंतर नातेवाईक व्हरांड्यात बसून जे एकमेकांना विचारत राहतात, त्या प्रश्नांची उत्तरं मला द्यायची आहेत.

तुम्ही शेतकरी कुटुंबातल्या आहात, म्हणून शेतातलंच सांगते. उभ्या झाडाच्या धडधाकट खोडावर बुरशी सहसा बसत नाही. मेलेल्या, ओल्या खोडावर बसते. खोल भाजलेली कातडी ही मेलेली असते. तिच्याखाली ओल असते, ऊब असते, आणि अंगावरची राखण करणारी भिंतच गेलेली असते. शिवाय एवढं भाजल्यावर आतली प्रतिकारशक्ती कित्येक आठवडे मंदावते. माणसाचा तळवा, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. ४२ टक्के म्हणजे दिरांच्या स्वतःच्या हाताच्या बेचाळीस तळव्यांएवढी जागा उघडी पडली. त्यात काहीही येऊन बसणार नाही, असं जगातलं कोणतंही रुग्णालय छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आधी जिवाणू येतात. पहिल्या एक-दोन दिवसांत आपल्याच कातडीवरचे, आठवडाभरात आतड्यातले आणि वॉर्डातले. त्यांच्यासाठी अँटिबायोटिक दिली जातात, पांढरं चांदीचं मलम लावलं जातं. हे मलम १९६८ साली अमेरिकेत चार्ल्स फॉक्स यांनी पुढे आणलं. त्या काळात जखमेतल्या जिवाणूंमुळे भाजलेले पेशंट हातातून जायचे, आणि अशा मलमांनी त्यातले कितीतरी वाचले. पण तणनाशक मारल्यावर एक तण जातं आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरंच फोफावतं, हे तुम्ही बांधावर पाहिलेलं असणार. जिवाणू दबले आणि पेशंट पहिला आठवडा ओलांडून पुढे जगू लागला, तेव्हा बुरशीला जागा आणि वेळ दोन्ही मिळालं. म्हणून बुरशी सहसा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डोकं वर काढते. तुमच्याकडे सोळाव्या दिवशी दिसली. आमच्या वॉर्डात दहावा दिवस उलटला की मी प्रत्येक ड्रेसिंगला नव्या सिस्टरना बाजूला उभं करायची आणि सांगायची, आता रंग बघायला शिका.

रंग म्हणजे काय, तेही सांगते, कारण अशा पेशंटजवळ बसणाऱ्यांना हे माहीत असावं. काल लालसर, ओलसर, बरी होत चाललेली जखम आज एका जागी काळी, तपकिरी किंवा जांभळट दिसू लागते. वरवर भाजलेली जागा अचानक खोल भाजल्यासारखी होते. करपलेली कातडी अपेक्षेपेक्षा लवकर सुटून येते. कडा सुजतात. बसलेली कातडी एका रात्रीत विरघळल्यासारखी होते. आणि ताप, जो अँटिबायोटिक बदलूनही हटत नाही. तुमच्या डॉक्टरांनी डाग दिसताच तुकडा काढून तपासला, यावरून मला ते जागरूक वाटतात. असं मी सगळ्यांबद्दल म्हणत नाही. एका ठिकाणी मी स्वतः पाहिलंय, काळा डाग ‘खपली धरतेय’ म्हणून पाच दिवस तसाच पट्टीखाली राहिला. त्या मुलीचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मला तो डाग आजही डोळ्यांपुढे दिसतो.

तुकडा काढण्यावरून घरात कुरबूर झाली असेल, तर तेही समजून घ्या. कापसाच्या काडीनं जखम पुसून जो स्वॅब पाठवतात, त्यातून एवढंच कळतं की बुरशी जखमेवर आहे. ती नुसती येऊन बसलीय की आत शिरलीय, हे स्वॅब सांगू शकत नाही. कँडिडा नावाची एक बुरशी तर कित्येक भाजलेल्या पेशंटच्या जखमेवर नुसती बसलेली सापडते; तेव्हा दर वेळी कापाकापी करायची नसते. शिरलीय का, हे बघायला खालच्या जिवंत मांसासकट तुकडा लागतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. मांसात बुरशीचे धागे दिसले की शंका उरत नाही. ते धागे रुंद, फितीसारखे आणि काटकोनात फुटणारे असतील तर म्युकरच्या जातीचे. बारीक, पेरं असलेले, तिरके फुटणारे असतील तर ॲस्परजिलस नावाची दुसरी बुरशी किंवा तत्सम. कल्चर करून, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून, नेमकं नाव कळायला पुष्कळदा बरेच दिवस जातात. म्हणून डॉक्टर कल्चरची वाट न बघता सुरुवात करतात. ते घाई करताहेत असं समजू नका.

म्युकर म्हटल्यावर तुम्हाला २०२१ आठवलं असेल. कोविडनंतर नाक, डोळे, जबडा पोखरणारी ‘काळी बुरशी’ तीच. त्या वर्षी जूनअखेर देशात चाळीस हजारांहून जास्त लोकांना ती झाली होती आणि ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या इंजेक्शनच्या एकेका कुपीसाठी लोक जिल्हे पालथे घालत होते. भाजलेल्या जखमेत येते ती याच कुळातली असू शकते, फक्त वाट वेगळी. तेव्हाही डॉक्टर जबडा का काढतात, नुसतं औषध का देत नाहीत, असं लोक विचारायचे. उत्तर तेव्हा जे होतं तेच आज तुमच्या सासूबाईंसाठी आहे.

ठिबकची नळी बुजली की तिच्या पुढची झाडं वाळतात. या बुरशा नेमकं तेच करतात. त्यांचे धागे रक्तवाहिनीच्या भिंतीतून आत शिरतात आणि वाहिनी बुजवतात. पुढच्या मांसाला रक्त मिळत नाही, ते मरतं, आणि मेलेलं मांस म्हणजे बुरशीला आणखी खायला. आता तुम्ही शिरेतून कितीही महागडं इंजेक्शन द्या, ते रक्तावाटेच जाणार. बुजलेल्या नळीतून खत-पाणी पोचत नाही, तसं औषधही त्या काळ्या भागात पोचत नाही. बुरशी तिथे सुरक्षित बसून कडेनं पसरत राहते. म्हणून आधी तो मेलेला भाग काढायचा, रक्त फुटणाऱ्या ताज्या मांसापर्यंत यायचं, आणि मग औषध तिथपर्यंत पोचतं. ताई, या एवढ्या लांब उत्तरातला हा एक परिच्छेद सासूबाईंना आणि मिस्टरांना वाचून दाखवा. बाकीचं नाही वाचलं तरी चालेल.

एका वेळेत काम संपेलच असं नाही. पुष्कळदा एक-दोन दिवसांनी पुन्हा ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नेऊन बघतात, आणखी कुठे काळं दिसतं का, दिसलं तर तेही काढतात. दंडाचा स्नायू थोडा गेला तर हाताची ताकद कमी होईल, फिजिओथेरपी लांबेल. हात वाचवण्यासाठी अर्धवट साफ करा, असं डॉक्टरांना सांगू नका. नातेवाईक मायेपोटी असा आग्रह धरतात आणि सर्जनचा हात आखडतो. जेवढा जायला हवा तेवढा गेला तर बाकीचा हात राहतो, आणि माणूस राहतो.

‘आधीची कातडी नीट बसली नाही’ हे सासूबाईंचं म्हणणं. कातडी बसली होती, खालची जमीनच बिघडली. साफ केलेल्या जागी लगेच दिरांची स्वतःची कातडी पुन्हा लावतीलच असं नाही; जागा स्वच्छ झाल्याची खात्री पटेपर्यंत थांबतील. तोवर ड्रेसिंगमध्ये बुरशीवर चालणारी औषधं वापरतील. काही ठिकाणी ब्लीचसारख्या वासाचं पातळ द्रावण वापरतात. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी वापरात आलेलं ते जुनं औषध आहे. वासानं घाबरू नका. काही वेळा दान केलेली कातडी तात्पुरती पांघरतात. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी २००० साली त्वचापेढी सुरू केली, नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही त्वचापेढी आहे. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत मांड्या-पाठीवरून कातडीचा अगदी पातळ पापुद्रा घेतात, ग्लिसरीनमध्ये ठेवतात, रक्तगट जुळवावा लागत नाही. नेत्रदान आपल्याकडे घराघरात माहीत झालं, त्वचादान अजून झालं नाही. उघड्या जखमेला वेळेवर झाकण मिळणं हे बुरशीविरुद्धचं मोठं काम आहे, म्हणून हे जरा थांबून लिहिलं.

मेलेली कातडी लवकरात लवकर काढून जखम झाकायची, हा विचारही फार जुना नाही. पूर्वी करपलेली कातडी आपोआप सुटायची वाट बघत तीन-तीन आठवडे नुसती ड्रेसिंग करायचे. स्लोव्हेनियातल्या मारिबोर या गावी झोरा यान्झेकोविच नावाच्या सर्जनबाईंनी पहिल्या काही दिवसांतच ती पातळ थरांनी तासून लगेच कातडी लावायला सुरुवात केली आणि १९७० साली तो अनुभव प्रसिद्ध केला. आज जगभर तेच करतात. तुमच्याकडेही दोन ऑपरेशनं लवकर झाली, म्हणजे रीत चुकलेली नाही.

मग चुकलं कुणाचं?

तुमच्या पत्रातून तीन जणांकडे बोट जातं: दवाखाना, सासरे आणि तुम्ही स्वतः. दवाखान्याबद्दल आधी. बुरशीचे बीजाणू हवेत असतात. तुम्ही-मी रोज श्वासाबरोबर घेतो. दवाखान्यात ते वाढण्याची कारणं असतात आणि ती बघण्यासारखी आहेत. वॉर्डाशेजारी तोडफोड, बांधकाम चाललंय का? ओल्या गवताच्या जाळ्यांचा कूलर लावलाय का? भिंतीला ओल आहे का? फॉल्स सीलिंग गळतंय का? यातलं काही दिसलं तर इन्चार्ज सिस्टरला शांतपणे सांगा, पेशंटची जागा बदलून मागा. पण बुरशी आली याचा अर्थ दवाखाना घाण, हे गणित मी मान्य करणार नाही. मी चकाचक युनिटमध्येही ती पाहिली आहे. मोठं भाजणं, खोल भाजणं, मोठ्या शिरेत घातलेली नळी, कित्येक दिवसांची भारी अँटिबायोटिक, वाढलेली साखर, ही सगळी ओझी पेशंटच्याच अंगावर असतात, आणि त्यातली बरीचशी त्याला जगवण्यासाठीच दिलेली असतात. साखरेवरून आठवलं: दिरांना डायबेटिस नसतानाही इन्सुलिन चालू असेल तर दचकू नका. एवढं भाजल्यावर शरीराच्या ताणानं साखर वाढते, आणि वाढलेली साखर बुरशीला मानवते.

चिखल आणि शेततळ्याबद्दल खरं तेच सांगते. आग विझवताना मातीत लोळलेल्या किंवा साचलेल्या पाण्यात उडी मारलेल्या पेशंटच्या जखमेत मातीतली बुरशी जाऊ शकते, हे भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून डॉक्टरांना हा तपशील आजच सांगा, अजून सांगितला नसेल तर. ‘चिखलात लोळले होते, शेततळ्याचं पाणी ओतलं होतं’ एवढं वाक्य पुरे. प्रयोगशाळेला त्यावरून दिशा मिळते. हे मी दोष ठरवण्यासाठी सांगत नाही. पेटलेल्या माणसानं लोळायचंच असतं. हाताशी असेल ते पाणी ओतायचंच असतं. नळाचं स्वच्छ पाणी शोधायला सासरे गावात गेले असते, तर ४२ टक्क्यांचे ७० झाले असते.

आणि तुमची हळद. ताई, हळद-तूप लावायला नको होतं. पुढे कुणाला झालं तर लावू नका. भाजल्याबरोबर वीस मिनिटं स्वच्छ वाहतं पाणी, मग धुतलेलं सुती कापड सैल गुंडाळून दवाखाना. हळदीनं जखमेचा रंग झाकतो, तुपानं उष्णता धरून राहते, आणि पहिल्या ड्रेसिंगला ते खरवडून काढताना पेशंट कळवळतो. पण सोळाव्या दिवशीची बुरशी तुमच्या हळदीतून आली, असं म्हणायला काही आधार नाही. पहिल्याच दिवशी जखम धुतली गेली, नंतर दोनदा ओटीत ती कातडीच तासून काढली. तुम्ही लावलेली हळद ज्या कातडीवर होती ती कातडी केव्हाच गेली.

घरगुती उपायांबद्दल एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची ड्रेसिंग बनवली. १९८५ साली त्यावर त्यांनी लिहिलं. डॉ. माधुरी गोरे यांनी सायनला केळीच्या पानांची ड्रेसिंग अभ्यासून २००३ मध्ये निष्कर्ष छापले. जखमेला न चिकटणारी, स्वस्त, गरिबाला परवडणारी. लोक हे ऐकतात आणि घरचा कच्चा बटाटा किसून लावतात, परसातलं पान तोडून गुंडाळतात. त्या डॉक्टरांनी साली उकळल्या होत्या, निर्जंतुक केल्या होत्या. कच्चा बटाटा जमिनीतून येतो आणि मातीतली बुरशी बरोबर आणतो.

हाच धागा धरून अंगाऱ्याचं बोलते. तुम्ही लिहिलं नाही, पण कुणीतरी देवाचा अंगारा, भंडारा, तीर्थ आणलेलं असणार; प्रत्येक घर आणतं आणि मी त्यासाठी कुणावर कधी ओरडले नाही. तो पेशंटच्या अंगाला, पट्टीला, उशीला लावू नका. घरी देवासमोर ठेवा, पेशंटला नुसतं सांगा की ठेवलाय. गजरे, हार, फुलं, कुंडी, ओल्या नारळाची शेंडी, यातलं काही बेडजवळ नको. मनगटातला दोरा ड्रेसिंगच्या आत भिजून राहतो, तो सिस्टरच्या हातानं कापून घ्या. आमच्याकडे एका आजोबांनी नातवाच्या पट्टीत अंगारा सारून ठेवला होता. ड्रेसिंग सोडताना तो माझ्या हाताला लागला. मी त्यांना कोपऱ्यात नेऊन समजावलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, मला दुसरं काय येतं? त्यांना मी काम दिलं: रोज किती अंडी गेली, किती दूध गेलं, हे वहीत लिहायचं. पोरगा घरी जाईपर्यंत ते लिहीत राहिले.

ते काम तुम्हालाही आहे. भाजलेल्या शरीराला नेहमीच्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट प्रथिनं लागतात. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: अंडं गरम पडतं, दह्यानं जखम चिघळते, वांगं-डाळ नको, नुसती पेज द्या. हे पथ्य पाळून खंगलेले पेशंट मी मोजू शकणार नाही इतके पाहिले. जखम भरायला जे सामान लागतं ते जेवणातूनच येतं. आहारतज्ज्ञ सांगतील तेवढी अंडी, दूध, डाळ, पनीर, चालत असेल तर चिकन, सगळं द्या. नाकातल्या नळीतून चालू असेल तर तेही जेवणच आहे. बाहेरून डबा आणत असाल तर ताजा, गरम, झाकलेला.

इंजेक्शनच्या भीतीबद्दल. बुरशीच्या जातीप्रमाणे औषध बदलतं. म्युकरवर ॲम्फोटेरिसिन, ॲस्परजिलसवर बहुधा व्होरिकोनॅझोल. हे दुसरं म्युकरवर चालत नाही, म्हणून जात ओळखणं महत्त्वाचं. ॲम्फोटेरिसिन चालू असताना थंडी वाजून हुडहुडी भरते, ताप येतो. आधी औषध देऊन ते कमी करतात. किडनीवर ताण येतो हे खरं आहे. त्यासाठी रोज रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम बघतात, शिरेतून पाणी भरपूर देतात. त्याचा लायपोसोमल प्रकार किडनीला बराच सौम्य आहे, पण महाग आहे; डॉक्टरांना विचारा की आपण कोणतं देतोय. व्होरिकोनॅझोल चालू असेल आणि दीर म्हणाले की डोळ्यांपुढे रंग नाचतात, उजेड टोचतो, तर त्यांना वेड लागलेलं नाही. औषधाचा परिणाम आहे, बहुतेकांचा आपोआप कमी होतो, फक्त सिस्टरला सांगा. किडनीच्या भीतीनं औषध नाकारू नका. किडनीवर रोज नजर ठेवता येते. पसरणाऱ्या बुरशीला थांबा म्हणता येत नाही.

पैशांचं तुम्ही लिहिलं नाहीत, तरी मला कळतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांचे उपचार बसतात. तो दवाखाना योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र असतो; त्याला आजच भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. धर्मादाय रुग्णालय असेल तर तिथल्या समाजसेवा विभागात जा. गरिबांसाठी काही खाटा राखून ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. बिल संपल्यावर गेलात तर फार थोडं करता येतं.

आता मुंबईला हलवण्याचं. मिस्टरांचा राग मला कळतो, भाऊ आहे. पण तीनशेहून जास्त किलोमीटर, उघड्या जखमा, ताप, कदाचित रक्तदाबाची औषधं चालू, आणि पोचल्यावर तिथे पुन्हा सगळी तपासणी, पुन्हा संमतीपत्र. बुरशीच्या बाबतीत तेवढे तास फार आहेत. मी अपवाद म्हटला तो असा: सध्याच्या दवाखान्यात प्लास्टिक सर्जन रोज उपलब्ध नसेल, लागोपाठ ऑपरेशन करायची तयारी नसेल, किंवा आयसीयू नसेल, तर हलवा, पण आधी तिथल्या डॉक्टरांचं पुढच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं होऊ द्या, खाट पक्की करा, बायोप्सीचा अहवाल आणि काढलेल्या तुकड्याचा ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) बरोबर घ्या. मिस्टरांनी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात, हात जोडून नाही आणि आवाज चढवूनही नाही: बुरशी जिवंत मांसात शिरलीय असं अहवालात लिहिलंय का? बुरशी काढायचं पहिलं ऑपरेशन कधी आणि दुसऱ्यांदा कधी बघणार? हे तुम्ही इथे करू शकता का, की आम्ही मोठ्या केंद्रात जावं? प्रामाणिक सर्जनला तिसऱ्या प्रश्नाचा राग येत नाही.

जाऊबाई आणि बाळ. मातीतल्या या बुरशा माणसाकडून माणसाला सर्दीसारख्या लागत नाहीत. निरोगी बाईला, तिच्या दुधाला, बाळाला त्याचा धोका नाही. बाळाला मात्र बर्न्स वॉर्डात नेऊ नका, ते कोणत्याच कारणासाठी नको. अहवालात ‘कँडिडा ऑरिस’ असं नाव आलं तर जास्त जपायचं. २००९ साली जपानमध्ये एका बाईच्या कानातून ती पहिल्यांदा ओळखली गेली, आता आपल्याकडच्या आयसीयूंमध्येही आहे. ती हातांवरून, खाटेच्या कठड्यावरून, रक्तदाबाच्या पट्ट्यावरून एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाते आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. निरोगी माणसाला तिनंही सहसा काही होत नाही, पण तो ती वाहून नेऊ शकतो. जाऊबाईंनी आत जाताना बांगड्या-अंगठ्या काढाव्यात, नखं कापलेली असावीत, दिलेला गाऊन घालावा, पदर खोचावा, आत जाताना आणि बाहेर येताना हात चोळून धुवावेत. मोबाइल बाहेर ठेवावा. तो सगळे हाताळतात आणि कुणी धूत नाही. घरी आल्यावर आंघोळ करून, कपडे बदलून मग बाळ घ्यावं. आणि तिनं जावंच. दिरांना काळे डाग दिसत असतील, ओटीचं पुन्हा ऐकलं असेल, ते घाबरले असतील. बायकोचा चेहरा दिसला की पेशंट ड्रेसिंगला दात आवळून का होईना तयार होतो.

हे दुखणं हलकं नाही. मोठ्या भाजण्यात बुरशी आत शिरली की माणसं दगावतात, आणि सगळं वेळेवर केलं तरी कधी कधी दगावतात. तुमच्या बाजूनं काही गोष्टी आहेत: वय ३१, बुरशी एका दंडापुरती दिसतेय, आणि पकडली लवकर. पुढचे काही दिवस रोज डॉक्टरांना एवढंच विचारा की काळी कड वाढतेय का थांबलीय. थांबलीय असं सलग काही दिवस ऐकलं की थोडं झोपा.

सासऱ्यांकडे मात्र आज संध्याकाळीच जा. त्यांना कुणीतरी ‘चिखलामुळे झालं’ असं ऐकवलं असणार, किंवा त्यांनी स्वतःच ते धरलं असणार. त्यांना जेवायला वाढा, शेजारी बसा आणि सांगा की एका म्हाताऱ्या सिस्टरनं निरोप दिलाय: दादा, तुम्ही ओतलेल्या पाण्यानं आग विझली, म्हणून आज दंडाच्या ऑपरेशनवर सही करायला तुमचा मुलगा जिवंत आहे. मग त्यांना वही द्या आणि अंडी लिहायला सांगा.

ऑपरेशन झालं की कळवा. रात्री कितीही वाजता.

— तुमची सिस्टर